नणंद बेटावर राहिली

स्वतःच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नणंदेने आम्हा सगळ्यांना क्रूझवर नेलं. उरणला तिच्या नवऱ्याचे कंटेनर वाहणारे ट्रेलर चालतात, हात सढळ. मी गेले ती केवळ नवऱ्याच्या आग्रहाखातर. तिच्याशी मी तोंडदेखलंच बोलायचे.

त्याला कारण होतं. तिच्या लेकीच्या साखरपुड्याला मी स्वयंपाकघरात राबत होते आणि माझा मोबाइल तिच्या पर्समध्ये होता. मुरुडहून भावाचा फोन आला, तो तिनेच घेतला. "बाबांचं काही खरं नाही. सारखी तिची आठवण काढतायत, लगेच पाठवा." ही "सांगते" म्हणाली आणि शेवटची पंगत उठेपर्यंत गप्प बसली. मी पोचले तेव्हा बाबांना अंगणात आणून ठेवलं होतं.

लक्षद्वीपच्या त्या बेटापासून लांबच जहाज थांबलं. लहान होड्यांनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं. जेवणं झाली आणि नणंद माडांखाली आडवी झाली.

"निघताना उठव गं मला."

थोड्या वेळाने वारा सुटला. समुद्र चढतोय, आत्ताच निघा, असं खलाशी ओरडत आला. पहिल्या होडीत बसताना नवरा म्हणाला, "तू ताईला घेऊन ये."

मी तिच्यापाशी गेले. ती घोरत होती. क्षणभर उभी राहिले आणि तशीच मागे फिरले.

"अजून कोणी?" होडीवाल्याने विचारलं.

"कोणी नाही."

जहाजावर गेल्यावर बोंबाबोंब झाली, होडी परत पाठवली. तिला आणलं तेव्हा ती नखशिखांत भिजलेली, उलट्यांनी बेजार. दोघांनी बखोटीला धरून वर ओढली. सगळे कठड्याशी उभे राहून बघत होते. मी तर अगदी पुढे होते.

"उठवलं का नाहीस मला?" ती किंचाळली.

"बाबांचा फोन आला तेव्हा तुम्ही मला का सांगितलं नाहीत?"

"कुठला फोन?"

तिला आठवतही नव्हतं! मग मी तिच्या नवऱ्यासमोर, लेकीसमोर सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

"आई, खरं आहे हे?" लेकीने विचारलं.

"अगं, घरात पाहुणे होते..."

लेक तिथून निघून गेली.

नवरा अजून म्हणतो, ताईची माफी माग. मी मागणार नाही. दिवाळीत भाची एकटीच मुरुडला जाऊन बाबांच्या फोटोला हार घालून आली. तिला मी पोटभर जेवू घातलं. तिच्या आईला मात्र माझ्या घराचं दार बंद आहे.