जहाजाची दुसरी बाजू

आख्ख्या बीड जिल्ह्यात आमच्या काकांएवढा मोठा जहाजं बांधणारा माणूस झाला नाही, असं मी सांगते तेव्हा इथल्या, गुजरातेतल्या बंदरावरची माणसं हसतात. शेजारच्या क्वार्टरमधल्या एकाने तर मुलाच्या पुस्तकातला नकाशा आणून माझ्यासमोर धरला, की बघा बेन, तुमच्या माजलगावपासून समुद्र कुठल्याही बाजूने केवढा लांब, तिथे जहाज बांधणार कोण? मी म्हटलं, कोण कशाला, आमचे काका. बांधायचे ते, आणि चांगलं बांधायचे. त्यांनी समुद्र बघितला नव्हता, हे मीही कबूल करते. पण न बघता बांधलं म्हणून तर ते मोठे. बघून काय, कुणीही बांधेल.

काकांचं मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. गिऱ्हाइकाला वाटायचं पेन्सिल हिशेबासाठी आहे, पण ती जहाजासाठी होती. हे वेड लागलं कुठून, तर काडेपेटीवरून. एका कंपनीच्या काडेपेटीवर शिडाचं जहाज छापलेलं असायचं, नखाएवढं. वर्षानुवर्षं त्या पेट्या विकता विकता एके दिवशी काकांनी ते चित्र भिंगाखाली धरलं आणि काकूला हाक मारली, ‘अवो, हे आतून कसं असंल?’ काकू म्हणाली, ‘आतून काड्या असतील.’ त्या उत्तराने ज्याचं समाधान झालं नाही, तो माणूस पुढे काय काय करणार हे तिने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

माझे वडील गेल्यावर आईला आणि मला काकांनीच घरात घेतलं. नववीत माझी शाळा सुटली. त्यावरून सगळ्या घराने मला ऐकवलं, काकांनी तेवढं कधी टोचलं नाही. एवढंच म्हणाले, ‘शाळा सुटली म्हंजे डोळे सुटले न्हाईत, माय. बघत ऱ्हा.’ मी मुळातली भित्री. दारावर कुणी आलं की आधी माझ्या छातीत धडधड, मग कडी वाजणार. ते वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. कामाला ते फार पुढे आलं.

काकांचं अवघ्या घराकडे एकच मागणं होतं. हातदीड हात जागा, जिथलं जहाज कुणी उचलून दुसरीकडे ठेवणार नाही. एवढ्या मोठ्या घरात ती सापडायला किती वर्षं गेली! पहिल्यांदा त्यांनी दुकानातच गल्ल्याशेजारी बस्तान मांडलं. सुताराकडून आणलेले सागाचे तुकडे कानशीने घासायचे आणि मधूनच डाळ जोखायची. एक दिवस एक म्हातारा पुडा परत घेऊन आला. ‘आप्पा, डाळीत भुसा कावून हाय?’ काकांनी चिमूट उचलून उजेडात धरली आणि अभिमानाने म्हणाले, ‘भुसा न्हाई बे, अस्सल सागवान हाय.’ म्हातारा म्हणाला, ‘मग शिजल का?’ त्याच संध्याकाळी काकूने जहाज दुकानातून हलवलं.

तिथून ते देवघरात गेलं. काकांचा हिशेब असा, की देवघरातल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. हिशेब बरोबर होता, पण काकू धरायची राहून गेली. देवघरात आलेली वस्तू पूजेवाचून कशी ठेवायची? सोमवारी तिने जहाजाच्या नाकावर भस्माचे तीन पट्टे ओढले, डोलकाठीवर बेलाचं पान ठेवलं आणि तांब्याभर पाण्याचा अभिषेक केला. आता आमचं घर लिंगायत. सुताराचा सरस कातड्यापासून होतो म्हणून तो आमच्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही. काका सगळं बाभळीच्या डिंकाने चिकटवायचे. डिंकाला पाणी लागलं आणि जहाज ताम्हणातच सुटलं. फळ्या तरंगायला लागल्या. काका आंघोळ करून आले, ताम्हणाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पहिल्यांदा पाण्यात गेलं, तेबी घरच्या.’ काकू रडवेली झाली. ‘मला काय ठावं, तुमचा देव विरघळतो म्हणून!’ त्यानंतर बाजारात नवा पांढरा गोंद आला, तो त्यांनी आधी काकूच्या हातून रात्रभर पाण्यात भिजवून घेतला आणि मगच वापरला.

मग कोठीची खोली. ती छान थंड होती, पण उन्हाळा लागला की तिथे काकूच्या लोणच्याच्या बरण्यांचं राज्य. बरण्या आणि जहाजं यांचं हाडवैर मी लहानपणापासून बघत आले. एका फळीवर दोघं कधी सुखाने नांदली नाहीत. काका म्हणायचे, ‘बरणी काय, कुठंबी बसती.’ काकू म्हणायची, ‘आन् जहाज काय, समुद्रात बसतं. न्या की तिकडं.’ कोठीतून जहाज गच्चीवर गेलं, तर आमच्याकडच्या उन्हाने ते केळीच्या फण्यासारखं वाकलं. शेवटी काका पलंगाखाली शिरले. उताणे झोपून मोटारीखालच्या मिस्त्रीसारखे काम करायचे. बाहेर नुसते पाय. परळीहून आलेले वजनदार पाहुणे हक्काने त्या पलंगावर बसले, खालून डोलकाठी मोडल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागोमाग काकांचा, ‘बसा, बसा. चहा घेणार?’

या सगळ्या जहाजांत एक गंमत होती आणि ती आम्हा कुणाला गंमत वाटत नव्हती, इतकी सवय झालेली. प्रत्येक जहाजाला एकच बाजू असायची. एका अंगाने बघावं तर शिडं, दोर, खिडक्या, नांगर, सगळं जागच्या जागी. आणि मागून सपाट फळी. म्हणून ती सगळी भिंतीला टेकवलेली असायची. कारण काडेपेटीवर दुसरी बाजू छापलेली नव्हती. कुणी विचारलं तर काका कान धरायचे. ‘जे बघितलं न्हाई ते मनानं कावून करावं? खोटं काम व्हतंय ते.’

असलं एक जहाज घेऊन ते एकदा धरणावर गेले. मोंढ्यातली चार माणसंही बघायला गेली, आईबरोबर मीही. काकांनी धोतर खोचलं, पाण्यात उतरले, जहाजाला नमस्कार केला आणि सोडलं. जहाज थोडं पुढे गेलं, थबकलं आणि सपाट अंगावर आडवं होऊन निवांत झोपलं. जन्मभर भिंतीला टेकायची सवय; पाण्यात भिंत कुठून आणायची? एकजण ओरडला, ‘आप्पा, उठवा त्याला, सकाळ झाली!’ सगळे पोट धरून हसले, काकाही हसले. पण परतताना वाटेत माझ्या आईला म्हणाले, ‘वहिनी, अर्धंच बांधत आलो की मी. पुरं जहाज एकबी न्हाई माझ्या हातचं.’ तो आवाज मला आजही आठवतो.

त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं. नवरा गुजरातेत एका बंदरावर क्रेनवर कामाला. आणि त्याच वर्षी काकांनी दुकानात एसटीडी बूथ घेतला. तेव्हा गावोगाव पिवळ्या पाट्या लागत होत्या. काकूला वाटलं, नवऱ्याला धंद्याची बुद्धी सुचली. पण केबिन बसवायला आलेल्या सुताराला काका आतून टेप लावून मापं घ्यायला सांगत होते, ते पाहून मला संशय आला होता. लाकडी चौकट, तीन बाजूंनी काच, आत दिवा, पंखा आणि बंद होणारं दार. वारा नाही, बरणी नाही, देव नाही, पाहुणा बसेल असा पलंग नाही. फोन वर कोपऱ्यातल्या फळीवर. खाली मधोमध काकांनी घरातलं जुनं जातं नेऊन ठेवलं. गिरणी आल्यापासून ते पडूनच होतं. वरच्या तळीवर जहाज बसवायचं, खुंटा धरून फिरवायचं, की पाहिजे तो भाग समोर. काकू कपाळाला हात लावून म्हणाली, ‘जात्यावर बसलं की बाईला ओवी सुचती, यांना जहाज सुचलं.’

गिऱ्हाईक आलं की काका स्टूल घेऊन बाहेर यायचे, जहाज आतच. पाय पसरून फोनवर बोलायची सोयच नव्हती. शिड सांभाळून एका अंगाने उभं राहायचं. कारखान्यावर ऊसतोडीला गेलेल्यांची घरची माणसं, मोंढ्यातले हमाल, अंबाजोगाईला पोरगा शिकायला ठेवलेले बाप, सगळे त्या जहाजाशेजारी उभं राहून सुखदुःखं बोलले. एका हमालाचं बोलणं तर सगळ्या मोंढ्यात गाजलं. ‘हां, मीच बोलतोय. कुठून? ह्यो काय, जहाजापाशी उभा हाय.’ पलीकडून बहुतेक विचारणा झाली असावी, कारण हा चिडून ओरडला, ‘पिऊन न्हाई बे! माजलगावातच हाय!’

मी सासरी गेले आणि पहिल्या आठवड्यातच माझा धीर सुटला. भाषा कळेना, दूधवाला काय म्हणतो ते कळेना, नवरा कामावर गेला की मी दाराला आतून कडी लावून बसायची. गल्लीच्या टोकाला गेले तर परत घर सापडणार नाही असं वाटायचं. रविवारी नवऱ्याने बूथवर नेलं, मी माजलगावचा नंबर फिरवला आणि काकांचा आवाज ऐकल्याबरोबर हुंदका फुटला. ‘काका, मला न्यायला या. मला इथं लई भ्या वाटतंय.’ मीटरचे लाल आकडे पळत होते.  काका म्हणाले, ‘येतो की. न्यायला येतो. पर आधी एक सांग, तिथं जहाज दिसतं का?’

‘दिसतं.’

‘मग त्येची दुसरी बाजू कशी हाय?’

मी रडायची थांबले. म्हटलं, मी बाहेरच पडत नाही, मला काय माहीत.

‘मग बघून सांग, माय. तुज्याशिवाय समुद्रापाशी माजं दुसरं कोन हाय? तू बघितलंस म्हंजे मी बघितलं.’

आजवर माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पुढच्या रविवारपर्यंत मी रोज थोडी थोडी लांब जात धक्क्यापर्यंत पोचले. शिडाची लाकडी गलबतं तिथे ओळीने उभी, पण धक्क्यावरून एकच अंग दिसायचं. काडेपेटीसारखंच. पलीकडचं बघायचं तर होडीत बसायला हवं. मी, जिला विहिरीत डोकावायची भीती, नवऱ्याचा शर्ट मागून घट्ट धरून होडीत बसले. डोळे मिटून घेतले होते. मग आठवलं की आपण बघायलाच आलो आहोत. होडी गलबताला वळसा घालून गेली आणि मी बघितलं. नीट, सगळं, वरपासून पाण्यापर्यंत.

रविवारी फोन लावला. मी म्हटलं, ‘काका, दुसरी बाजूबी तशीच हाय.’

‘तशीच? खात्री?’

‘अगदी तशीच. फक्त तिकडं दोराला एक लुंगी वाळत घातलीया. लाल चौकड्याची.’

‘लुंगी,’ काका म्हणाले. पेन्सिल कानावरून निघाल्याचं मला इथून दिसलं. ‘कंच्या दोराला?’

मला न्यायला काका आले नाहीत आणि मीही पुन्हा म्हटलं नाही. दर रविवारी ते विचारायचे आणि मी आठवडाभर बघून ठेवलेलं सांगायची. सुकाणू कसं फिरतं, दोर कुठून कुठे जातो, पाणी कुठवर चढतं. विचारायचं म्हणून खलाशांशी बोलायला लागले, बोलता बोलता भाषा आली. आणि काकांचं पहिलं पुरं जहाज त्या केबिनीत, जात्यावर फिरत फिरत तयार झालं. धरणावर ते ताठ तरंगलं, सगळा मोंढा टाळ्या वाजवत होता, असं आईने फोनवर सांगितलं.

ते जहाज काकांनी आईबरोबर माझ्याकडे पाठवलं. निरोप एवढाच : ‘भिंतीला टेकवू नको.’ आमच्या दोन खोल्यांत ते मधोमध स्टुलावर उभं आहे. येणारा-जाणारा वळसा घालून जातो. एक म्हातारा खलाशी ते बघायला आला होता. एका अंगाने बघून त्याने मान हलवली, वळसा घालून पलीकडे गेला, दोरावरची बोटभर लाल चौकड्याची लुंगी पाहिली आणि हसत खालीच बसला. म्हणाला, हा माणूस कितीतरी वर्षं दर्यावर राहिलेला दिसतो. मी म्हटलं, हो, माझे काका आहेत. बाकीचं सांगितलं नाही. काही मोठेपणा आपल्यापाशीच ठेवावा.

मी काकांना किती बोलावलं, की या, एकदा समुद्र बघून जा. दर वेळी एकच उत्तर. ‘येतो की. पर मी जागा सोडली तर तुजी काकू तिथं बरण्या मांडंल.’ पुढे घरोघर मोबाइल आले, पिवळी पाटी उतरली, केबिनीतला फोन गेला. आता ती जागा दिवसभर त्यांचीच. मी म्हटलं, ‘काका, आता मजा हाय तुमची.’ तर म्हणाले, ‘जागा हाय, माय. पर माणसं शेजारी उभी राहून बोलायची, तवा हात चालायचा. आता लई शांत वाटतंय.’ ते समुद्रावर आलेच नाहीत. आले नाहीत ते आलेच नाहीत.

काका गेल्यावर मी माजलगावला गेले. निघायच्या दिवशी काकू म्हणाली, थांब, लोणचं देते. गुडघ्यावर हात ठेवून ती कशीबशी वाकली आणि पलंगाखालून बरणी ओढायला लागली. मी धावले. समोर दारातून दुकानातली केबिन दिसत होती, माणसाविना रिकामी, काचा पुसलेल्या, आत जात्यावर एक जहाज, एक बाजू झालेली आणि एक व्हायची. मी म्हटलं, ‘काकू, एवढं वाकायचं कावून? बरण्या केबिनीत ठेव की आता.’

काकूने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले.

‘तिथं कशा ठिवू?’ ती म्हणाली. ‘तिथं जहाजाचं काम चालू हाय.’