आमच्या घरात सिंथेटिक चालत नाही

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये मध्ये थांबावं लागणार नाही. माणसाने वेडेपणा करावा, पण त्याला काही माप? माझं तर मापच चुकलं! आणि मी कोण? सुरतेच्या डिंडोलीत मराठी पोरांना वर्षानुवर्षं गणित शिकवणारा मास्तर. त्यातही गुणोत्तर-प्रमाण म्हणजे माझा हातखंडा!

तर, आमच्या अंगणात शेवगा आहे. हिने लावलेला. माहेरी बारडोलीला गेली होती, येताना एक फांदी घेऊन आली. बसमध्ये शेजारच्यांना टोचत टोचत आणली. ही गेली, त्याला आता वर्ष होत आलं. शेवग्याला ते कुणी सांगितलं नसावं. यंदा तो नेहमीपेक्षा जास्तच फुलला.

फुलला, शेंगांनी लगडला, आणि त्याची एक जाडजूड फांदी वाकून शेजारच्या कंचनबेनच्या पत्र्याच्या शेडवर आली. शेडखाली त्यांची नवी स्कूटर. कंचनबेन काही बोलल्या नाहीत, पण आमच्या सोसायटीचे पमुख, म्हणजे प्रमुख, बोलले.

"सर, रविवारे माणस बोलावुं छुं. मूळमांथी ज काढी नाखीए. कटकट नहीं!"

मुळापासून? म्हटलं, "पमुखसाहेब, फांदी मी काढतो. रविवारच्या आत. झाड राहू द्या."

"तमे?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जोइए!"

मी लगेच मेहुण्याला फोन लावला. रमेश, हिचा धाकटा भाऊ. बारडोलीला ऊस आहे त्याचा, शिवाय आंब्याची झाडं, त्यामुळे घरात चेन-सॉ. त्याला एवढंच सांगितलं, "झाड कापायचंय, मशीन पाठव." कोणतं झाड, ते त्यानेही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हे ध्यानात ठेवा.

मशीन आलं. सोबत एका डब्यात लिटरभर पेट्रोल आलं. आणि फोनवर ताकीद आली.

"दाजी, नुसतं पेट्रोल ओतू नका हां! तेल मिसळा. नाहीतर पिस्टन जाम, आणि मशीन गेलं भंगारात."

"कोणतं तेल?"

"दुकानात जा, तो विचारेल तसं सांगा. एवढं जमेल ना?"

एवढं जमेल ना! गणिताच्या मास्तराला!

दुपारचं ऊन मी म्हणत होतं. पंप, मोटारी, मशीनचं सामान विकणारं दुकान. आत शिरलो तर मालकाने चांगल्या मनाने स्टूल पुढे केलं. मी घाम पुसत म्हणालो, "भाई, झाड काटनेवाली मशीन के लिए..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने विचारलं, "मिनरल आपुं के सिंथेटिक?"

काय माणुसकी! सुरतेचा पाहुणचार म्हणतात तो हाच. आणि किती चोखंदळ! मिनरल म्हणजे बाटलीतलं पाणी, आणि सिंथेटिक म्हणजे ते लाल-पिवळं सरबत असणार.

"मिनरल," मी म्हणालो. "ठंडा हो तो अच्छा."

बॉल बेअरिंग बघणाऱ्या एका गिऱ्हाइकाने ते खाली ठेवलं.

"काका," मालक जपून म्हणाला, "टू-टी जोइए छे ने?"

"टूटी? नहीं नहीं! एकदम साबूत है. मेरे साले की है."

तुम्ही हसताय. मी सांगितलं होतं, आधी हसून घ्या!

मग त्या भल्या माणसाने मला पाणी दिलं, थंड, आणि समजावलं. टू-टी हे तेलाचं नाव. दोन स्ट्रोकच्या इंजिनाचं तेल. त्यात साधं ते मिनरल, भारी ते सिंथेटिक.

"सिंथेटिक लइ जाव, काका."

आता मात्र मी ताठ झालो. "हमारे घर में सिंथेटिक नहीं चलता."

खरंच नाही चालत! सुरतेत राहून, गल्लोगल्ली पॉलिएस्टरचे ढीग बघून, आमच्या हिने कधी सिंथेटिक साडी अंगाला लावली नाही. सुती म्हणजे सुतीच. एकदा दिवाळीला मी हौसेने सिंथेटिक आणली, तर तिने त्या साडीचे खिडकीचे पडदे केले. छान दिसतात. अजून आहेत.

मालकाला पडद्यांचं काय माहीत? तो म्हणाला, "धुमाडो ओछो थाय, काका. धूर कम!"

धूर कमी? झाडाला, शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणून मी मन मोठं केलं आणि सिंथेटिक घेतलं. निघताना विचारलं, "किती घालायचं?"

"पचास-एक राखजो, बस."

पचासेक. म्हणजे पन्नासेक. आपण नाही का म्हणत, पन्नासेक माणसं जेवून गेली? तसं. लिटरभर पेट्रोलला पन्नासेक मिली. काय सुटसुटीत लोक आहेत, मी मनात म्हटलं. उगाच दशांश चिन्हाच्या भानगडी नाहीत.

घरी मापाला औषधाच्या बाटल्यांची टोपणं होती. गेल्या वर्षापासून अशी टोपणं घरात पुष्कळ आहेत. एकेक टोपण भरून ओतलं, आणि वर थोडं आणखी. पन्नासेक म्हटल्यावर हात आखडता कशाला? हिच्या झाडाचं काम!

शनिवारी सकाळी मोहीम निघाली. कानात कापूस, डोक्याला उपरणं, शिडीवर मी. फांदीला दोर बांधला, म्हणजे ती पत्र्यावर न पडता अंगणात पडावी. दोराचं दुसरं टोक खाली अंगणात भटूआप्पांच्या हातात. भटूआप्पा समोरच राहतात, धुळ्याकडचे, कापडाच्या लूमवर सगळी उमर घालवलेले. माणूस जिवाला जीव देणारा, पण तोंड बंद ठेवणारा नाही.

मशीनची दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. तिसऱ्यांदा ओढली आणि... अहो, काय सांगू! फाट फाट फाट करत धुराचा असा लोट निघाला की शिडी दिसेना, झाड दिसेना, माझेच हात मला दिसेनात!

खालून आप्पा ओरडले, "सर, हाई मशीन शे का भट्टी?"

पलीकडून कंचनबेनचा आवाज, "अरे, मच्छरवाळा आव्या! बारी-बारणां उघाडां राखजो!"

आणि खटाखट गल्लीतल्या खिडक्या उघडल्या! डास मारायचा धूर घेऊन गाडी आली, असं समजून लोक बाहेर आले. कुणी ओरडलं, "आमच्या गटारीवर पण मारा!" मी शिडीवरून सांगतोय, "नाही हो, सिंथेटिक आहे, धूर कमी होतो!" पण मशीनच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार?

"मना डोया गयात, सर!" आप्पा खोकत खोकत मागे सरले. दोर मात्र सोडला नाही. जिवाला जीव देणारा माणूस, म्हटलं ना! दोरासकट मागे सरले, दोर ताणला गेला, आणि कुठेतरी कडाड्‌ झालं.

"तूटी! तूटी गई!" कंचनबेन किंचाळल्या.

मी धुरातून, कानात कापूस, अभिमानाने ओरडलो, "हां बेन, टू-टी! पण सिंथेटिकवाली!"

धूर ओसरला तेव्हा फांदी अंगणात आडवी होती. पत्रा शाबूत, स्कूटर शाबूत. माझ्या मशीनचं पातं फांदीला लागलंसुद्धा नव्हतं. पमुखही येऊन उभे होते. डोळे पुसत म्हणाले, "चालो, फांदी गई. झाड भले रह्युं."

झाड राहिलं! मी शिडीवरच बसून घेतलं.

संध्याकाळी रमेशला फोन केला.

"शेवगा?" तो ओरडलाच. "दाजी, शेवग्याला चेन-सॉ? अहो, ते लाकूड काडीसारखं मोडतं! ताई तर दरवर्षी हातानेच वाकवून मोडायची. तुम्ही कधी पाहिलं नाही?"

नव्हतं पाहिलं. मी आत शिकवण्या घेत असायचो.

मग तो म्हणाला, "तेल किती घातलं होतं?"

"पचासेक."

"पचासेक? दाजी, पचास-एक! पन्नासाला एक! पन्नास भाग पेट्रोल, एक भाग तेल! म्हणजे लिटरला वीसच मिली. अहो, हे गुणोत्तर ना? तुम्हीच शिकवलंत मला, ताईच्या लग्नानंतर, दहावीला!"

मी 'नेटवर्क नाहीये' म्हणून फोन ठेवला.

मोडलेली फांदी आप्पांनी त्यांच्या दारात खोचली. तिला पालवी फुटली आहे. आणि परवा पमुख स्वतः घरी आले. झाडाचंच काही असणार, दुसरं काय! त्यांनी खुर्ची ओढली, खिडकीच्या पडद्यांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले,

"सर, मच्छर बहु वधी गया छे. तमारुं पेलुं सिंथेटिक एक वार फेरवी जाव ने!"