काटा पन्नासवर होता

तापलेल्या इंजिन ऑइलचा वास आला की मला जळगावच्या मुलींच्या हॉस्टेलचं फाटक आठवतं. आबा, म्हणजे माझे वडील, मला अमळनेरहून जुन्या मोटारसायकलवर सोडायला आले होते. उन्हात तिचं तेल फार तापायचं, म्हणून त्यांनी तेलाच्या झाकणावर काट्याचं तापमापक बसवलं होतं, आणि काटा साठच्या खाली आल्याशिवाय ते गाडी हलवत नसत. सामान खोलीत ठेवून मी परत आले, तेव्हा ते फाटकाशीच बसले होते. म्हणाले, "देख बरं, काटा कोठे शे?" काटा पन्नासवर होता. मी म्हणाले, "ऐंशी, आबा." "गाडी तुन्ही मायसारखीच शे, लवकर थंडी व्हत नही," असं म्हणून ते हसले, पण गाडी हाताच्या अंतरावर असूनही त्यांनी काटा पाहिला नाही. आम्ही आणखी थोडा वेळ बसलो. आता मी तिसऱ्या वर्षाला आहे, आणि मला वाटतं, तेव्हा शंभर सांगायला हवं होतं.