भाऊजींचा तळवा

माझ्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, हात लावून पाहिल्याशिवाय जगातली एकही गोष्ट मान्य केलेली नाही. चंद्रपूरच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. बांबू, मोह, नारळाची करवंटी, मिळेल त्याचा कोळसा करायचा, काचेच्या नळीत भरायचा, आत वायू सोडायचा आणि नळी किती तापली ते मोजायचं, हाच त्यांचा छंद आणि हाच धंदा. थर्मामीटर खिशात असे, पण खरा भरवसा तळव्यावर. चहाचा कप, एसटीचं बॉनेट, शेजाऱ्याचं तापानं फणफणलेलं पोर, सगळ्यांवर तळवा ठेवून ते आकडा सांगत. मला धरून समजावत, "कोळशाच्या पोटात भोकंच भोकं राह्यते. वायू त्याच्यात जाऊन बसला का ऊब सुटते. ती बसाची खुशी समज."

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात ते ताईला पाहायला अहेरीला आले. आमचे बाबा कोळशाचे व्यापारी. भट्टीतून काढलेला कोळसा एक-दोन दिवस अंगणात पसरून ठेवायचा ही आमची रीत. पण पाहुण्यांसाठी अंगण सारवायचं म्हणून बाबांनी ताजा माल पोत्यांत कोंबून बैठकीमागच्या खोलीत रचला होता. ताईला आधीच्या स्थळांनी नाकारलेलं, त्यामुळे घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. ताई पोहे घेऊन आली आणि भाऊजी नेमके उठून मागच्या खोलीत गेले. पोत्यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून म्हणाले, "हे तापून राह्यलं. ताज्या कोळशानं हवा ओढली. बाहेर काढा, नाई त घर पेटते."

"पोरगी पाहाले आले का पोते?" बाबांचा आवाज चढला. भाऊजींनी पांढऱ्या शर्टानिशी पोतं ओढलं. दुसरं टोक नव्या साडीतल्या ताईनं धरलं. सारवलेल्या अंगणात पोतं उलटं केलं, तर आतून लाल निखारे निघाले. बाबा पाण्याची बादली आणायला धावले. काळ्याठिक्कर झालेल्या ताईकडे पाहून भाऊजी म्हणाले, "मले पसंत आहे."

"मले बी," ताई म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

पाठवणीच्या वेळी बाबा ढसाढसा रडले. भाऊजींनी त्यांच्या कपाळावर तळवा ठेवला. "बाबा, कोळशानं वायू धरला का ऊब भेटते. सोडाचा असन त तेवढीच परत द्या लागते." पाहुणे हसले. मीही हसलो.

गेल्या वर्षी माझी मुलगी सासरी गेली. गाडी दिसेनाशी झाली तरी मी फाटकातच उभा होतो. भाऊजी आता खूप थकलेत. त्यांनी तळवा माझ्या कपाळावर ठेवला.

"किती?" मी विचारलं.

आयुष्यभर आकडा सांगत आलेला माणूस, पण त्या दिवशी काहीच बोलला नाही. हातही काढला नाही.