पाणी ओढणारं मीठ

देवासच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं काम करते आहे. कच्च्या मालाची तपासणी हे माझं काम, आणि रसायनांच्या कपाटाची चावीही माझ्याकडेच असायची. त्या चावीचा मला फार तोरा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कपाटात सगळ्यात जपावी लागणारी बाटली लिथियम क्लोराइडची. दिसायला जाडसर मिठासारखं पांढरं, पण हवेतलं पाणी ओढून घेणारं. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर आधी गोळे होतात, मग बाटलीत चक्क पाणी दिसायला लागतं. आम्ही ते अल्कोहोलमध्ये विरघळवून एका इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे मोजणीच्या काचेच्या कांडीत, भरतो. हा इलेक्ट्रोड अशा तपासण्यांसाठी, ज्यांत पाण्याचा अंश चालत नाही. विरघळताना भांडं हाताला गरम लागतं, म्हणून मीठ थोडं थोडं घालायचं आणि जवळपास ज्योत ठेवायची नाही. कण डोळ्यात गेला तर जळजळ होते. पोटात गेलं तर मेंदू आणि किडनीपर्यंत त्रास पोचतो, म्हणून हातमोजे, चष्मा, आणि चहाआधी साबणाने हात. हे सगळं मी नव्या लोकांना तोंडपाठ सांगायचे. चष्मा स्वतः मात्र कपाळावर चढवून ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वी जळगावची एक मुलगी आमच्याकडे लागली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात तिने ते मीठ मोठ्या बाटलीतून लहान लहान बाटल्यांत भरून ठेवायचं सुचवलं. म्हणजे मोठी बाटली रोज उघडायला नको, आणि एक बिघडली तरी बाकीच्या वाचतील. प्रयोगशाळेचे साहेब खूश झाले. सगळ्यांसमोर मला म्हणाले, “मॅडम, इतने साल में आपको ये नहीं सूझा?”

मी हसले. पण त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

तरीही ती मला ‘ताई’ म्हणायची, डब्यातलं लोणचं आधी मला वाढायची. एकटी राहते म्हणून एका रविवारी मी तिला धारला, माझ्या आईकडे जेवायला नेलं. आमचं घराणं धारचंच, पणजोबा संस्थानात कारकून होते. आईचं मराठी अजून त्या काळातलं आहे. माझं शिक्षण हिंदीतून झालं, त्यामुळे मराठी बोलते ते निम्मं हिंदी, आणि वाचायला घेतलं की जुन्या शब्दांवर अडखळते. आईला आता दिसत नाही. श्रावणातली पोथी तिला कोणी वाचून दाखवायला हवी असते.

त्या मुलीने जेवण झाल्यावर पोथी घेतली आणि न थांबता दोन अध्याय वाचले. आई डोळे मिटून बसली होती. वाचून झाल्यावर तिने चाचपडत त्या मुलीचा हात धरला आणि म्हणाली, “किती दिवसांनी कानाला बरं वाटलं गं. आमच्या हिला नाही जमत.”

“आई, मी पण वाचून दाखवते ना तुला,” मी म्हटलं.

“दाखवतेस हो,” आई म्हणाली. तेवढंच.

परतीच्या बसमध्ये ती मुलगी आईचं कौतुक करत होती आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. आई माझी, आणि मीच तिकडून परकी होऊन परतते आहे असं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी मला धारला जायची घाई होती. इंदूरला बस बदलावी लागते. काम आवरताना मी लिथियम क्लोराइडची एक लहान बाटली झाकण नुसतं वर ठेवून कपाटात सरकवली आणि पळाले. त्यात मुद्दाम काही नव्हतं. सोमवारी सकाळी आले, तर बाहेर झड लागलेली, गावातली देवीची टेकडी ढगात बुडालेली, आणि ती मुलगी तीच बाटली हातात धरून उभी.

“ताई, हे ओलसर वाटतंय. गोळे झालेत. वापरू का?”

तिच्या हातातली बाटली बघताक्षणी मला शनिवार आठवला. खरं उत्तर सोपं होतं: माझ्याकडून झाकण राहिलं, दुसरी बाटली घे. पण तोंडातून आलं ते हे: “पावसाळ्यात एवढं होतंच. चालतं. घे.”

तिने घेतलं. चष्मा लावून, हातमोजे घालून, थोडं थोडं मीठ अल्कोहोलमध्ये टाकत तिने द्रावण केलं, आणि मी शेजारच्या टेबलावरून ते बघत राहिले. थांब म्हणायला मला सबंध अर्धा तास मिळाला होता.

दुपारपर्यंत तिच्या तपासणीचे आकडे एका जागी ठरेनात. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. औषधाची एक मोठी खेप तिच्या निकालासाठी अडून होती. साहेब आले आणि सगळ्यांदेखत तिला बोलले. “बड़ी-बड़ी बातें करती हो, एक इलेक्ट्रोड नहीं सँभलता?” ती मान खाली घालून उभी होती. क्षणभर मला फार बरं वाटलं. मग तिने हातमोजे न काढताच आकड्यांची वही पुढे ओढली.

ती रडली नाही. तिने बाटलीतलं थोडं मीठ तोललं, ओव्हनमध्ये वाळवलं, कोरड्या भांड्यात गार करून पुन्हा तोललं. वजन इतकं उतरलं होतं की मिठात पाणी शिरल्याबद्दल शंकेला जागाच नव्हती. मग ती माझ्याकडे आली. आवाज अगदी साधा होता.

“ताई, तुम्हाला माहीत होतं?”

मी म्हणू शकले असते की नव्हतं. तिने मानलंही असतं. “हो,” मी म्हटलं. “झाकण माझ्याकडूनच सैल राहिलं होतं. आणि तू विचारलंस तेव्हा मला कळलं होतं.”

“मग?”

“तू मला आवडत नाहीस,” मी म्हटलं. “म्हणजे, तुझ्यात काही वाईट नाही. तेच आवडत नाही.”

“मी तुमच्या भरवशावर विचारलं होतं,” एवढंच ती म्हणाली आणि इलेक्ट्रोड धुवायला निघून गेली.

मी साहेबांच्या खोलीत गेले आणि झालेली चूक नोंदवायचा कागद मागून घेतला. त्यावर सगळं लिहिलं: झाकण, ओलावा, तिचा प्रश्न, माझं उत्तर. कारणाच्या रकान्यात पेन अडलं. ‘मत्सर’ असा शब्द तिथे कोणी लिहीत नाही. मी ‘जाणूनबुजून चुकीची माहिती दिली’ असं हिंदीत लिहून सही केली. साहेबांनी दोनदा वाचलं. “आपसे ये उम्मीद नहीं थी,” म्हणाले. दुसऱ्या बाटलीतल्या मिठाने तपासणी पुन्हा झाली, आकडे नीट आले, खेप सुटली. मला ताकीद मिळाली. चावी तिच्याकडे गेली, आणि मला सहा महिने खोके, बाटल्या, लेबलं तपासायला पॅकिंगकडे पाठवलं.

आई तिकडे विचारत राहिली, “ती मुलगी का गं येत नाही?” चार रविवार मी टाळलं. पाचव्या रविवारी सांगून टाकलं. आई म्हणाली, “माझ्यामुळे झालं का गं?” मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही.

आता मी परत प्रयोगशाळेत आहे. ती माझी वरिष्ठ झाली आहे, आणि माझ्या निकालांवर तिची सही लागते. बोलते, पण कामापुरतं. ‘ताई’ गेलं, ‘मॅडम’ आलं. साहेब तिची तारीफ करतात तेव्हा अजूनही मला खुपतं. ते गेलेलं नाही, आणि जाईल असं मला वाटत नाही. मागच्या आठवड्यात मी चष्म्याशिवाय बाटली उघडायला गेले, तर तिने लांबूनच हाक मारली, “मॅडम, आधी डोळे.” मी चष्मा लावला. राग आला, पण लावला.