पुसलेली नोंद

काकांचा मला हेवा वाटायचा. मी इंजिनिअर, ते दहावी नापास. कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेले, पंचवीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेले, आणि आता मी नोकरी करते त्याच इंटरनेट कंपनीत. ते मला 'म्याडम' म्हणायचे.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तरी बायपासपलीकडं इमारती उभ्या राहतच होत्या आणि प्रत्येकीला नेट हवं होतं. अशाच एका नव्या सोसायटीतलं नेट रोज दुपारी बंद पडायला लागलं. सगळ्या घरांच्या तारा जिथं जोडलेल्या असतात तो स्विच आपोआप बंद व्हायचा आणि तासाभरानं सुरू व्हायचा. मी साहेबांना लिहून दिलं, स्विच खराब आहे, बदला.

"बदला की. पर आधी त्याला इचारू तर," काका म्हणाले.

सोसायटीच्या ऑफिसात, स्विचशेजारी लॅपटॉप मांडून ते बसले. वहीत बघून, दोन बोटांनी त्यांनी एक कमांड टाइप केली. काळ्या पडद्यावर आकडे उतरत गेले. स्विच स्वतःचं तापमान स्वतःच नोंदवून ठेवत होता आणि बंद पडला तरी ती नोंद जात नव्हती. कॉलेजात मी हे शिकले होते. उघडून कधी बघितलं नव्हतं.

"हे बघा, सोमवारपर्यंत बरं व्हतं. सोमवारपासून लई तापतोय." मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडं वळून त्यांनी विचारलं, "सोमवारी इथं काय बदललं?"

"काहीच नाही. हां, कूलर बंद केला. टँकर चार दिवसांनी येतो. प्यायला पाणी नाही, कूलरमध्ये काय घालू?"

इतके दिवस जे मला सापडलं नव्हतं ते असं निघालं.

"उद्या हापिसातनंच साहेबांना दाखवू," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी निघण्याआधी मी माझ्या टेबलावरून त्या स्विचला जोडून घेतलं. नुसतं बघायचं होतं. मग एक ओळ टाइप केली आणि नोंद पुसून टाकली.

सकाळी काकांनी साहेबांसमोर कमांड दिली. पडदा कोरा. साहेब हसले. "काका, ती वही ठेवा आता. म्याडम म्हणतात तसं करू."

मला गार वाटलं.

साहेब फोनवर बोलायला वळले, तेवढ्यात काकांनी दुसरी कमांड दिली. कोणी कधी काय टाइप केलं त्याची यादी आली. मी त्यांच्या मागंच उभी होते. शेवटच्या ओळीत माझं नाव होतं. काकांचं बोट त्या ओळीवर थांबलं. मग त्यांनी पडदा बंद केला.

"काय तरी गडबड झाली असंल, साहेब. चार दिस द्या. नोंद परत जमा व्हईल."

ते चार दिवस, काका माझं नाव कधी सांगतात, याची मी वाट बघत राहिले. काका रोजच्यासारखे शेजारी बसून डबा खायचे, ठेचा पुढं करायचे. पाचव्या दिवशी त्यांनी साहेबांना बोलावलं आणि लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "म्याडमच नीट सांगतील. मला इंग्रजी अडतं."

मी नोंद दाखवून कूलरचं कारण सांगितलं. शाब्बासकी मला मिळाली. स्विच तळमजल्यावर, जिन्याखालच्या गारव्यात हलवला आणि नेट पुन्हा बंद पडलं नाही. मला लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण हेवा वाढला. ह्या माणसाला हेही जमतं!

स्विच हलवून परतताना शहागंजात चहाला थांबलो, तेव्हा मी म्हणाले, "काका, पुसलं मीच."

"म्हाइत हाय."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "नोंद तर परत येणारच व्हती. तुमाला काढलं असतं, तर मला इंग्रजी कोण समजावणार?"

त्यांनी वहीची मागची पानं उघडली. पडद्यावरून उतरवलेले, अर्थ न कळलेले शब्द एकाखाली एक लिहिलेले होते.

"लई दिसांपासून इचारायचं व्हतं. पर तुमचा चेहरा बघून राहून जायचं."

मी पहिला शब्द समजावून सांगितला. त्यांना एका दमात कळला. मला तो कळायला कॉलेजात अख्खं सत्र लागलं होतं. पुन्हा पोटात दुखलं. मी दुसरा शब्द घेतला.