पत्ता कुणाकुणाला दिसतो

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. जे येतं ते साठवून, गाळून प्यावं लागतं, म्हणून पाणी शुद्ध करायची मशिनं घरोघरी असतात आणि ती बिघडतातही घरोघरी. त्या बिघाडांवर आमचं ऑफिस चालतं. माझं काम फोन घेण्याचं. ‘पाणी खारट लागतंय’, ‘मशिन नुसतंच गुरगुरतंय’ असं ऐकून घ्यायचं आणि जवळच्या टेक्निशियनला तिकडे पिटाळायचं.

हे सगळं आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं. तक्रारीखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, केकखाली सुविचार, आणि त्यात बिचारी तक्रार हरवलेली. म्हणून आमच्या अकाउंट्सवाल्या सहकाऱ्याने ॲप केलं, तेही प्रोग्रॅमिंग येत नसताना. पडद्यावर चौकोन ओढून ठेवायचे, त्यांना आपल्या याद्या जोडायच्या की झालं, असा तो प्रकार. त्याला इतका आनंद झाला होता की त्या सकाळी त्याने ऑफिसभर पेढे वाटले. आमचे साहेब म्हणाले, “सगळ्यांना शेअर कर. आणि सगळ्यांना सगळं बदलता येऊ दे. मला दिसत नाही, मला भरता येत नाही, या कटकटी माझ्याकडे नकोत.”

“सगळ्यांना दिलं, सर,” तो म्हणाला.

पेढा तोंडात असतानाच मी फोनवर ‘स्टाफ’ नावाच्या चौकोनावर बोट ठेवलं. एकेकाचं पान उघडत होतं. माझं उघडलं. वर माझा फोटो, नोकरीला लागताना दिलेला, उघड्या तोंडाचा. खाली मोबाईल नंबर. मूळ गाव वळसंग. आणि त्याखाली मी राहते त्या खोलीचा पत्ता, गल्लीसकट, मजल्यासकट, ‘पिठाच्या गिरणीच्या वर’ या खुणेसकट.

मी नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई आहे. सासर वैरागचं. एका दुपारी मुलीला कडेवर घेऊन निघाले. का निघाले त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी मार खाल्लाय त्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांचं कुतूहल भागवायची मला हौस नाही. नवऱ्याने माझ्या भावाला फोनवर सांगितलं होतं, “कुटंबी जाऊ दे तिला, हुडकून काढतो. पोरगी माजी हाय, उचलून आनतो.” तो बोलतो ते करतो, एवढा एकच गुण त्याच्यात होता.

माहेरी राहिले असते तर दुसऱ्याच दिवशी सापडले असते. म्हणून सोलापुरात पूर्व भागात खोली घेतली, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरात. घरमालकीणबाई प्रेमळ आहेत, पण खोली घेतली ती त्यासाठी नव्हे. त्यांचे पाहुणे आणि माझे पाहुणे कधी कुठल्या लग्नात एका पंगतीला बसणार नाहीत, म्हणून घेतली. आपल्याकडे दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली की तिकीट काढायच्या आत ‘गाव कंचं’ होतं आणि उतरायच्या आत नातं निघतं. लोकांना त्याचं कौतुक वाटतं. मला त्या नात्यांची सापापेक्षा जास्त भीती वाटते.

ऑफिसात माझा पत्ता फक्त साहेबांना ठाऊक होता. मी माहेरचं नाव लावत होते. पण ॲप भरताना कपाटातले सगळ्यांचे कागद जसेच्या तसे त्यात उतरवले गेले. मूळ गावाचा रकाना तर साहेबांनी मुद्दाम ठेवायला लावला, कारण ज्याच्या गावची यात्रा तो त्या दिवसांत कामावर येत नाही आणि सुट्ट्यांचा मेळ आधीच घालावा लागतो. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी, तेही कळेना.

आणि आमच्यात एक टेक्निशियन वैरागचा होता. चाळिशीचा, अबोल, मान खाली घालून काम करणारा. तो कामाला लागला, साहेबांनी गाव विचारलं, त्याने सांगितलं आणि मी स्कार्फ घट्ट केला. सोलापूरच्या उन्हात स्कूटरवर बायका स्कार्फ बांधतातच. मी तो ऑफिसातही सोडेनाशी झाले. धुळीची ॲलर्जी आहे म्हणून सांगितलं. ताईंचं तोंड आधार कार्डावरच बघायला मिळतं, अशी थट्टा व्हायची. मीही हसायचे. आता तेच तोंड त्या टेक्निशियनच्या खिशात होतं, खाली पत्ता लिहून.

मी अकाउंट्सवाल्याकडे गेले. “माझा पत्ता काढा तिथून.”

“का हो ताई? छान दिसतंय की.”

“मला आवडत नाही.”

त्याचा चेहरा जरा उतरला, पण दोनदा काहीतरी दाबून त्याने पत्त्याची ओळ सगळ्यांच्याच पानांवरून घालवली. माझा जीव भांड्यात पडला. संशयी बाईचा जीव भांड्यात फार वेळ राहत नाही, हेही खरं. जेवणाच्या सुट्टीत, भाकरीचा तुकडा हातात धरून, मी कोपऱ्यातलं ‘शीटमध्ये उघडा’ दाबून ॲपमागची मूळ यादी बघितली. सगळं तिथं होतं. पुढच्या दाराला पडदा लावला होता, मागचं सताड उघडं. सगळ्यांचे पत्ते ओळीने.

माझी ओळ शोधली. नाव माझं होतं, पत्ता माझा नव्हता. अक्कलकोट रोडवरची कुठलीशी सोसायटी, जिथे मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. फोटोची जागा रिकामी. आणि शेवटच्या रकान्यात, ‘शेवटचा बदल’ याखाली, वैरागच्या टेक्निशियनचं नाव.

चोराने घर फोडून काही नेलं तर निदान कळतं काय गेलं. घरात शिरून नुसती भांडी हलवून गेला तर काय समजायचं? एवढ्या लोकांत त्याने नेमकं माझं पान उघडलं होतं. म्हणजे तो ओळखत होता. म्हणजे फोटो, पत्ता, सगळं आधीच कुठे तरी गेलेलं असणार, आणि नंतर खुणा पुसल्या असणार. डबा तसाच झाकला आणि मुलीला शाळेतून आणणाऱ्या रिक्षावाल्या मामांना फोन केला. “मामा, आज तिला मालकीणबाईंच्याच हातात द्या. वडील आलोय म्हणून कुणी सांगितलं तरी देऊ नका.” मामा “बरं बेटा” म्हणाले.

मग साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“अहो, आपलीच माणसं आहेत सगळी,” साहेब म्हणाले.

“सर, मला आपल्याच माणसांची भीती आहे.”

कारण सांगितल्याशिवाय ते ऐकणार नव्हते. एक दार बंद करायला दुसरं उघडावं लागतं, याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला, तरी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं. साहेबांनी अकाउंट्सवाल्याला आत बोलावलं. “स्टाफची माहिती फक्त तुला आणि मला. शीटसुद्धा. बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या तक्रारी दिसू देत, बस.”

“का, सर?”

“मी सांगतो म्हणून.”

या एका वाक्यासाठी मी त्यांची बाकीची सगळी वाक्यं माफ केली आहेत. तासाभरात टेक्निशियनांचा एक गट झाला, फोनवाल्यांचा दुसरा. लगेच साहेबांचा फोन वाजू लागला, मला दिसत नाही, मला भरता येत नाही. त्यांनी सगळ्यांना ‘असू दे’ म्हणून सांगितलं.

पण जे बघायचं ते बघून झालं होतं. संध्याकाळी तो टेक्निशियन जुने फिल्टर जमा करायला आला. काउंटरपाशी आम्ही दोघंच होतो. मी खुर्चीतूनच विचारलं, “माझ्या पानावर काय केलंत तुम्ही?”

त्याने पिशवी खाली ठेवली. “ताई, तुमी मला वळखलं न्हाय. मी कामाला लागलो त्याच दिवशी वळखलं तुमाला. आवाजावरनं. तुमच्या सासरच्या घराला लागून घर हाय की, ते माज्या थोरल्या भैनीचं. मधी एकच भिताड.”

भिंतीपलीकडे काय ऐकू यायचं ते तो बोलला नाही. बहिणीकडे मुक्कामाला आलेल्या माणसाने काय ऐकलं असेल ते मला ठाऊक होतं. स्कार्फच्या आत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी तुमी हितं आला असता व्हय?”

नसते आले.

“आणि पत्ता का बदललात?”

“रविवारी यात्रंला जायचंय, भैनीकडं. तितं माजा फोन माज्या हातात ऱ्हातो व्हय? भाची घेती, दाजी घेत्यात. शेजारचं येत्यात, नवीन काय आलंय दाव म्हणत्यात. शेजारचं म्हंजी कोन, तुमाला ठाव हाय. सगळ्यास्नी बदलायची मुभा व्हती, म्हणून बदलून टाकला.”

साहेबांना वाटलं होतं त्यांनी ॲप एका माणसाला दिलं. ते त्याच्या भाचीला, दाजींना आणि माझ्या नवऱ्याला दिलं होतं.

“तो विचारतो का?” मी म्हणाले.

“दर बारीला इचारतो. सोलापुरात दिसली का म्हणून.”

“मग?”

“म्हणतो, सोलापूर लई मोटं हाय.”

मी आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. सकाळपर्यंत मला शंका होती की त्याला ठाऊक असेल. आता ठाऊक आहे हे नक्की झालं होतं, आणि तो तीन दिवसांनी त्याच भिंतीशेजारी जेवायला बसणार होता. तो चांगला माणूस आहे हे दिसत होतं. चांगल्या माणसालाही कुणी पाजलं तर तो बोलतो.

त्या रविवारी मी कडी घालून घरात बसले. मुलीला गॅलरीतही जाऊ दिलं नाही. खाली पिठाची गिरणी सुरू झाली की जिन्यावरची पावलं ऐकू येत नाहीत, म्हणून गिरणीवर चिडले. मालकीणबाई भात घेऊन वर आल्या तेव्हा दारावरची थाप ऐकून मुलीने दाराआधी माझं तोंड बघितलं. ती माझ्याकडून हेच शिकते आहे, याचं मला फार वाईट वाटलं. कुणी आलं नाही. सोमवारी तो टेक्निशियन यात्रेचे चुरमुरे घेऊन आला, सगळ्यांना वाटले, माझ्याही हातावर मूठभर ठेवले आणि कामाला निघून गेला.

पुढे बऱ्याच दिवसांनी अकाउंट्सवाला माझ्याकडे आला. “ताई, एक चूक सापडली. तुमचा आणि वैरागवाल्यांचा पत्ता एकच पडलाय. आता बदल मलाच करता येतो. तुमचा खरा सांगा, दुरुस्त करतो.”

त्याने दाखवलं. अक्कलकोट रोडवरची ती सोसायटी, दुसरा मजला. तो टेक्निशियन तिथे बायको आणि दोन लेकरांसह राहतो. मला शोधत येणारा माणूस त्यांच्या दारावर लाथ मारणार होता.

“थांबा जरा,” मी म्हणाले आणि टेक्निशियनला फोन लावला. आवाज दाबून विचारलं, “स्वतःच्या घराचा पत्ता घातलात? घरी ठाऊक आहे?”

“तवाच फोन करून इचारलं व्हतं घरात,” तो म्हणाला. “बायकू म्हनली, आपलाच घाल. त्यो आला तर दार मी उघडीन म्हनली.”

मी फोन ठेवला. त्या बाईला मी आजवर पाहिलेलं नाही.

अकाउंट्सवाला वाट बघत उभा होता. “काय करू, ताई?”

“बरोबर आहे,” मी म्हणाले. “तोच ठेवा.”